खोलीचे भाडे आणि गावचे घर

आपल्या गावातून पूर्वी मुंबईला गेलेला माणूस तिथे कोठे राहत होता, असे कोणाही वडीलधाऱ्यांना विचारा. उत्तर ठरलेले असते : ‘चाळीत’. आणि भाडे किती होते म्हणून आणखी खोदून विचारले, तर म्हातारी माणसे हसून म्हणतात, ‘अहो, भाडं ते काय असणार! चार रुपये, पाच रुपये. स्वस्ताई होती तेव्हा.’

या स्वस्ताईची जरा तपासणी करावी, असे मला पुष्कळ दिवस वाटत होते. खोलीचे भाडे चार रुपये होते हे खरे. पण ते चार रुपये कोणाच्या कमाईतले, किती जणांत वाटलेले, आणि त्या बदल्यात मिळत होते काय, हे पाहिल्याशिवाय घर स्वस्त की महाग हे ठरत नाही. आजकाल वर्तमानपत्रांत ‘परवडणारी घरे’ हा शब्द रोज वाचायला मिळतो. शब्द नवा आहे, प्रश्न मात्र शंभर वर्षांहून जुना आहे. आणि या प्रश्नाचा जो मोठा हिशेब मुंबईत मांडला गेला, त्यात आपल्या खेड्यांचा वाटा फार मोठा आहे. तो मात्र कोणी वहीत लिहून ठेवला नाही.

मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीची कंपनी कावसजी दावर यांनी १८५४ साली काढली. पुढच्या साठ-सत्तर वर्षांत परळ, लालबाग, डिलाइल रोड, वरळी, नायगाव या बाजूला गिरण्यांचे धुराडे शेजारी शेजारी उभे राहिले. माणसे आली ती मुख्यतः रत्नागिरी जिल्ह्यातून. त्यांच्या मागोमाग सातारा, पुणे, कोल्हापूर, अहमदनगरची. १९२१ सालच्या खानेसुमारीत शहराची वस्ती ११,७५,९१४ भरली, आणि या वस्तीतली शंभरातली ८४ माणसे मुंबईच्या बाहेर जन्मलेली होती. म्हणजे हे शहर परगावच्यांचेच होते म्हणा ना! गिरणीमालकाने साचे आणले, बॉयलर आणला, कापूस आणला. माणूस मात्र आपल्या पायांनी आला, आणि राहायचे कोठे हेही त्याचे त्यानेच पाहावे अशी अपेक्षा होती. थोड्या गिरण्यांनी आपल्या चाळी बांधल्या. बाकी सारा कारभार खाजगी घरमालकांच्या हाती. मोकळी जागा दिसली की चार मजली चाळ चढवायची, मध्ये अंधारा बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या. १९११ सालच्या गणनेप्रमाणे मुंबईतले शेकडा ६९ लोक एकखोली बिऱ्हाडांत राहत होते. त्याच साली लंडनमध्ये हे प्रमाण शेकडा ६ होते.

सरकारचे डोळे उघडले ते प्लेगने. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात गाठीचा ताप आला. हा प्लेग आहे हे डॉक्टर अकॅसिओ व्हिएगस या गोमंतकीय वैद्याने ओळखले. माणसे गावोगाव पळाली, गिरण्या ओस पडल्या, आणि पुढच्या दोन वर्षांत, १८९८ साली, ग्लासगो शहराच्या धर्तीवर कायदा करून ‘सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ ही संस्था स्थापण्यात आली. दाट वस्ती पाडायची, रुंद रस्ते काढायचे, वारा खेळता करायचा, आणि गरिबांसाठी स्वच्छ चाळी बांधायच्या, असे तिचे काम होते. पाडण्याचे काम झपाट्याने झाले. बांधण्याचे त्या मानाने मंद. प्रिन्सेस स्ट्रीट झाला, सँडहर्स्ट रोड झाला, दादर-माटुंग्याला मध्यमवर्गीयांसाठी सुंदर आखीव वसाहती झाल्या. पण ज्याची खोली पाडली गेली तो माणूस काही दादरला प्लॉट घ्यायला गेला नाही. तो शेजारच्या बोळात, आधीच भरलेल्या चाळीत, आणखी एका बिऱ्हाडाच्या बिऱ्हाडात शिरला. एका ठिकाणची गर्दी उठवली की ती दुसऱ्या ठिकाणी जाऊन बसते, हा अनुभव मुंबईने तेव्हाच घेतला होता.

तरीही ट्रस्टच्या चाळींना मी कमी लेखणार नाही. ज्यांना खाजगी मालक जातीमुळे दारात उभे करत नसत, अशा अनेकांना तिथे खोली मिळाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परळला अशाच एका ट्रस्टच्या चाळीत दोन खोल्या घेऊन कित्येक वर्षे राहिले. एवढ्या मोठ्या ग्रंथसंग्रहाची आणि एवढ्या मोठ्या कामाची सुरुवात जिथे झाली ती जागा केवढी होती, याचा विचार शाळेतल्या मुलांनी एकदा तरी करावा.

पहिले महायुद्ध आले, तशी धान्याबरोबर खोल्यांचीही महागाई झाली. घरमालक भाडे वाढवू लागले. तेव्हा १९१८ साली भाडेनियंत्रणाचा कायदा झाला आणि १ जानेवारी १९१६ रोजी जे भाडे होते ते प्रमाण मानण्यात आले. हा कायदा तात्पुरता, युद्धकाळापुरता होता. त्याची पुढची हकिकत नंतर येईलच.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. १९२१ साली मुंबई सरकारने ‘लेबर ऑफिस’ नावाची कचेरी काढली. तिचे प्रमुख फिंडले शिरास हे आकडेशास्त्राचे जाणकार होते. या कचेरीने १९२१-२२ मध्ये एक काम हाती घेतले : मजुराच्या घरी जायचे, त्याची महिन्याची मिळकत विचारायची, आणि तो पैसा कोठकोठे जातो ते आणे-पैसह लिहून घ्यायचे. २,४७३ कुटुंबांचे आणि त्याशिवाय ६०३ एकट्या पुरुषांचे असे हिशेब जमा झाले. १९२३ साली अहवाल प्रसिद्ध झाला. आपल्याकडे कष्टकऱ्याच्या संसाराचे इतके बारीक हिशेब तोवर क्वचितच कोणी मांडले असतील. शिक्षक बंधुभगिनींना मी सांगेन, की राजांच्या वंशावळींइतकाच हा कागद इतिहासाचा कागद आहे.

काय निघाले त्यातून? सरासरी कुटुंबाची महिन्याची मिळकत ५२ रुपयांच्या थोडी वर. खर्चाच्या शंभर भागांपैकी जवळजवळ ५७ भाग पोटात जात होते. कपड्यालत्त्याला साडेनऊच्या वर, जळण आणि दिवाबत्तीला सव्वासातच्या वर. आणि घरभाड्याला? ७.७. म्हणजे महिन्याला साडेतीन-चार रुपये. आपल्या म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेला आकडा आणि हा आकडा कसा चपखल जुळतो पाहा.

आता यात एक गंमत आहे, आणि ती समजून घेतली पाहिजे. १८६८ साली हेरमान श्वाबे नावाच्या बर्लिनच्या गणनाधिकाऱ्याने तिथल्या लोकांची मिळकत आणि भाडे ताडून पाहून एक नियम सांगितला होता, की कुटुंब जितके गरीब, तितका त्याच्या मिळकतीचा मोठा हिस्सा भाड्यात जातो. अन्नाच्या बाबतीत एंगेलने जो नियम सांगितला, तसाच हा भाड्याचा. मग मुंबईचा गरीब मजूर शंभरातले आठसुद्धा भाग भाड्याला देत नाही, हे कसे? श्वाबेचा नियम मुंबईला लागू नाही का? की मुंबईचे घरमालक बर्लिनच्या मालकांपेक्षा दयाळू होते?

काही वाटा १९१८ च्या कायद्याचा होता, हे मान्य केले पाहिजे. पण खरे उत्तर त्याच अहवालात दुसऱ्या पानावर सापडते. या मजूर कुटुंबांपैकी शेकडा ९७ एकाच खोलीत राहत होती. म्हणजे भाडे कमी होते, कारण घर घेतलेलेच नव्हते. खोली घेतली होती, आणि तीही पुष्कळदा अर्धी किंवा पाव. माणूस भाकरी एका हद्दीपलीकडे कमी करू शकत नाही, दुसऱ्या दिवशी साच्यावर उभे राहायचे असते. कपडा कमी करील, पण अंगावर काही हवेच. जागा मात्र कमी करता येते. आणखी एक पोटभाडेकरू घे, गॅलरीत झोप, उन्हाळ्यात रस्त्यावर अंथरूण टाक. सगळ्या खर्चांत कात्री लावायला सोपा खर्च जागेचा, आणि मजुराने ती कात्री मनसोक्त चालवली होती. मनसोक्त हा शब्द चुकीचाच, नाइलाजाने.

ही कात्री कोठवर गेली होती त्याचा एक पुरावा याच सुमाराचा आहे. गिरणीत काम करणाऱ्या बायकांची स्थिती पाहण्यासाठी सरकारने डॉक्टर बार्न्स या बाईंना नेमले होते. त्या चाळीचाळींतून हिंडल्या. एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर पंधरा फूट लांब, बारा फूट रुंद अशा खोलीत त्यांना सहा कुटुंबे आढळली. सहा कुटुंबे कशावरून? जमिनीवर सहा चुली होत्या. मोठी माणसे आणि मुले मिळून तीस. त्यांतल्या सहा बायकांपैकी तिघींचे दिवस भरत आले होते. आता गुणाकार आपणच करा. पंधरा गुणिले बारा म्हणजे १८० चौरस फूट. तीस माणसांत वाटले तर माणशी सहा चौरस फूट. आपल्या खेड्यात गाईच्या दावणीलाही याहून जास्त जागा असते. या खोलीचे भाडे सहा घरांत वाटले गेले, तर प्रत्येकाचा हिस्सा मिळकतीच्या मानाने किती थोडा येईल! आकड्यांच्या तक्त्यात हे कुटुंब मोठे सुखी दिसेल.

म्हणून माझे म्हणणे असे, की भाड्याचे शेकडा प्रमाण कमी दिसले म्हणून घर परवडते आहे असे समजू नये. किती दिले याबरोबर काय मिळाले हे विचारले पाहिजे. आणि तिसरा प्रश्न, जो अहवालात कोणी विचारला नाही, तो असा, की जे मिळाले नाही त्याची भरपाई कोणी केली?

ती भरपाई गावाने केली. जरा ध्यानात घ्या. बाई बाळंतपणाला मुंबईत राहत नसे, कोकणात माहेरी नाहीतर सासरी जाई. मुंबईच्या खोलीत बाळंतिणीची खाट टाकायला जागाच नव्हती. म्हातारे आईबाप गावी. शाळेच्या वयाची मुले पुष्कळदा गावी. माणूस आजारी पडला की बोटीत बसून गावी. संप लांबला की गावी. हातपाय थकले की कायमचा गावी. एकटा पुरुष तर मुंबईत घर करीतच नसे. आपल्याच गावच्या मंडळींनी मिळून घेतलेल्या खोलीत त्याची ट्रंक आणि वळकटी असे, जेवण खाणावळीत, आणि पगार झाला की पोस्टात जाऊन मनीऑर्डर. गोमंतकीयांची मुंबईतली ‘कूड’ ही अशीच. एकेका गावाची एकेक, बोटीवरचा खलाशी बंदरात उतरला की तिथे पेटी ठेवायचा. म्हणजे मजुराचे घर दोन तुकड्यांत विभागलेले होते. झोपायचा तुकडा मुंबईत, आणि जन्म, आजार, म्हातारपण, मरण यांचा तुकडा गावात. गिरणीमालकाने पगार दिला तो पहिल्या तुकड्यापुरता. दुसऱ्या तुकड्याचे भाडे गावच्या घराने, खाचरातल्या भाताने आणि मागे राहिलेल्या बाईच्या कष्टांनी भरले. मनीऑर्डरीतून पावसाळ्यापूर्वी घराची शाकारणी होई, खोताचा किंवा सावकाराचा हप्ता जाई, हे खरे. पण कोणी कोणाला पोसत होते हा हिशेब दोन्ही बाजूंनी मांडावा लागेल.

मृत्यूच्या आकड्यांतसुद्धा हे दोन तुकडे दिसतात. १९२१ साली मुंबईत एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांतल्या बालमृत्यूंचे प्रमाण दर हजार जन्मांमागे आठशेंच्याही वर नोंदले गेले. आकडा वाचून अंगावर काटा येतो. पण तो जसाच्या तसा घेऊ नये. मूल गावी जन्मले तर जन्माची नोंद गावी होई, आणि तेच मूल आईबरोबर चाळीत येऊन दगावले तर मृत्यूची नोंद मुंबईत. त्यामुळे प्रमाण फुगते. फुगवटा काढून टाकला, तरी जे उरते तेही भयंकरच होते.

आणि कर्ज? पाहणीतल्या कुटुंबांपैकी जवळजवळ निम्मी कर्जबाजारी होती. पगार महिना संपल्यावर लगेच हातात पडत नसे, पुढच्या महिन्याचे दहा-पंधरा दिवस उलटल्यावर मिळे. नव्याने लागलेल्या माणसाने दीड महिना खायचे काय? वाण्याची उधारी, नाहीतर पठाणाचे व्याज.

याच काळात सरकारने स्वतः घरे बांधायचा फार मोठा बेत केला. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी १९२० साली ‘डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ म्हणजे विकास खाते स्थापले. ‘बीडीडी चाळ’ या नावातली तीन अक्षरे याच खात्याची, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटची. समुद्र हटवून बॅकबेची जमीन काढायची हेही काम याच खात्याचे. त्यात झालेल्या उधळपट्टीवर वीर नरिमन यांनी कसे कोरडे ओढले, तो भाग निराळा. मजुरांसाठी ५०,००० खोल्या बांधायच्या असा संकल्प होता. पैसा कर्जरोख्यांतून उभारला, आणि मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गासडीमागे एक रुपया जकात बसवली. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या : वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाइल रोडला ३२, शिवडीला १२. तळमजला आणि वर तीन मजले, एका चाळीत ८० खोल्या, खोली साधारण १६० चौरस फुटांची. म्हणजे सगळ्या मिळून साडेसोळा हजार खोल्या. पन्नास हजारांचा संकल्प तिथेच थांबला.

का थांबला? कारण खोल्या रिकाम्या राहिल्या! ज्या शहरात तीस माणसे एका खोलीत झोपत होती, त्याच शहरात वरळीच्या नव्या कोऱ्या सिमेंटच्या चाळीतल्या हजारो खोल्यांना वर्षानुवर्षे भाडेकरू मिळेना. हे कोडे सुटले की घरांच्या प्रश्नाचे अर्धे मर्म कळते.

साधे गणित करू. विकास खात्याने १९२० साली काढलेल्या कर्जाचा व्याजाचा दर शेकडा साडेसहा होता. युद्धानंतरच्या महागाईत सिमेंट, लोखंड, मजुरी सारेच चढलेले. समजा, एक खोली बांधायला हजार रुपये लागले. नुसते व्याजच वर्षाला ६५ रुपये, म्हणजे महिन्याला जवळजवळ साडेपाच रुपये झाले. मुद्दलाची फेड, दुरुस्ती, झाडलोट, पाणीपट्टी अजून बाहेरच. आणि मजूर भाड्याला देऊ शकत होता ते साडेतीन-चार रुपये, हे सरकारच्याच दुसऱ्या कचेरीने त्याच वेळी मोजून ठेवले होते. बांधकामाच्या खर्चावरून निघणारे भाडे एकीकडे, मिळकतीवरून निघणारे भाडे दुसरीकडे. मधली दरी कोणी तरी भरून काढल्याशिवाय खोली भरणार नव्हती. सरकारने भाडे खर्चापेक्षा कमी लावले, पुढे आणखी उतरवले, आणि तूट सोसली. तरीही मजुराला ते जास्तच होते.

शिवाय खोली म्हणजे काही नुसत्या चार भिंती नव्हेत. वरळीला तेव्हा बाजार नव्हता, रस्त्यावर धड दिवे नव्हते, गिरणी लांब. लालबागच्या अंधाऱ्या चाळीत वाणी उधार देत होता, गाववाले शेजारी होते, मुकादम जवळ राहत होता म्हणून उद्याचे काम मिळत होते. हे सोडून वाऱ्यावर उघड्या पडलेल्या सिमेंटच्या खोलीत जास्त भाडे देऊन जायचे कशासाठी? टीकाकार म्हणत, की मजुरांना चांगल्या घराची आवडच नाही. मला हे म्हणणे पटत नाही. मजूर आपला हिशेब विकास खात्यापेक्षा बरोबर करीत होता. पुढे कायदेभंगाच्या चळवळीत वरळीच्या रिकाम्या चाळींचा सरकारला एक उपयोग सापडला. तिथे तात्पुरता तुरुंग करून सत्याग्रही कोंडले गेले. मजुरांसाठी बांधलेल्या घरांत असे कैदी राहून गेले.

१९३२-३३ साली लेबर ऑफिसने पुन्हा एकदा संसाराचे हिशेब गोळा केले. मिळकत तीच, महिन्याला ५० रुपयांच्या आसपास. भाड्याचा हिस्सा मात्र ७.७ वरून जवळजवळ १३ वर गेलेला. दहा वर्षांत हे काय झाले? एक तर मंदीमुळे धान्य स्वस्त झाले, तेव्हा खर्चातला पोटाचा भाग ५७ वरून ४७ वर उतरला. भाडे त्या मानाने उतरले नाही. भाडेनियंत्रणाचा युद्धकाळातला कायदाही १९३० पूर्वीच संपला होता. घरमालकाला बहुधा आधी समजते, की भाडेकरूच्या खिशात चार आणे शिल्लक उरू लागले आहेत.

यानंतरचा इतिहास थोडक्यात सांगतो. दुसऱ्या महायुद्धात माणसांचा लोंढा आला आणि वरळीसकट साऱ्या चाळी भरून गेल्या. १९४७ साली नवा भाडेनियंत्रण कायदा झाला. १ सप्टेंबर १९४० चे भाडे गोठवले गेले. लाखो कुटुंबांना त्याने रस्त्यावर येण्यापासून वाचवले. पण भाडे गोठले आणि गवंड्याची मजुरी मात्र गोठली नाही. मालकाने दुरुस्ती सोडून दिली, खोली सोडताना-घेताना पागडीचा व्यवहार सुरू झाला, इमारती पावसाळ्यात कोसळू लागल्या. अखेर १९६९ साली जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी कर बसवून स्वतंत्र मंडळ नेमण्याचा कायदा करावा लागला. म्हणजे घराच्या खर्चातली तूट पुन्हा कोणाच्या तरी माथी आलीच. दुसऱ्या बाजूला १९४८ च्या कायद्याने गृहनिर्माण मंडळ झाले, १९५२ पासून केंद्र सरकारने औद्योगिक कामगारांच्या घरांना मदत द्यायला सुरुवात केली, आणि १९७७ साली अशा मंडळांची मिळून ‘म्हाडा’ झाली. घरे झाली, चांगली झाली, पण मागणीपुढे थोडी.

मग १९८२ चा गिरणी संप. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पुष्कळांना गिरणीचे दार पुन्हा उघडले नाही, आणि ते आपापल्या गावच्या त्या दुसऱ्या तुकड्यात परत गेले. ज्या जमिनीवर गिरण्या होत्या तिथे आता उंच मनोरे आहेत. कामगारांच्या मागणीवरून त्या जमिनीतला काही भाग त्यांच्या घरांसाठी राखला गेला. २०१२ साली म्हाडाने पहिली मोठी सोडत काढली. घरे सुमारे ६,९००, अर्ज जवळजवळ दीड लाख, घराची किंमत साडेसात लाख रुपये. मुंबईच्या बाजारभावाने ही किंमत फारच थोडी. तीस वर्षांपूर्वी पगार थांबलेल्या, गावी भाताच्या चार खंडींवर दिवस काढणाऱ्या माणसाला मात्र ती कर्ज काढल्याखेरीज उभी करता येणारी नव्हती. कर्ज देणारी बँक पगाराची पावती मागते. घराची किंमत बाजाराशी ताडायची की मिळकतीशी, हा १९२० चा प्रश्न इथे पुन्हा समोर उभा राहतो.

शिक्षकांसाठी आणखी एक आकडा सांगून ठेवतो. वर्गात त्याचा उपयोग होईल. २०२२-२३ सालच्या देशव्यापी कुटुंबखर्च पाहणीत शहरी कुटुंबांच्या खर्चात घरभाड्याचा हिस्सा सुमारे साडेसहा टक्के निघाला, आणि ग्रामीण भागात एक टक्काही नाही. मुलांना विचारा, म्हणजे शहरात घर १९२१ पेक्षाही स्वस्त झाले का? एखादा हुशार मुलगा ओळखील, की या सरासरीत स्वतःच्या घरात राहणारी कुटुंबेही धरली आहेत, ज्यांचे भाडे शून्य. दहा घरांपैकी सात जणांनी शून्य आणि तिघांनी वीस-वीस टक्के दिले, तरी सरासरी सहाच येते. त्या तिघांची ओढाताण सरासरीत दिसत नाही. खेड्यात तर भाड्याने राहणारा सापडणेच कठीण. म्हणून खेड्यातले घर फुकट असते असे थोडेच आहे!

वरळीच्या बीडीडी चाळींच्या जागी नव्या इमारती उभ्या राहत आहेत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचे घर, आणि तेही मालकीचे. बांधकामाचा खर्च उरलेल्या जमिनीवर बांधायच्या विक्रीच्या घरांतून निघायचा आहे. लॉइडसाहेबांच्या वेळी कापसाच्या गासडीने जे काम करायचे होते ते आता त्या घरांच्या गिऱ्हाइकांनी करायचे. नव्या इमारतीत लिफ्ट आहे, पाण्याचा पंप आहे, जिन्यात दिवे आहेत, आणि या सर्वांचा दरमहा खर्च आहे. भाड्याच्या पावतीच्या जागी आता त्या देखभालीची पावती येईल, आणि तिच्यावरचा आकडा घरातल्या कमावत्या माणसाच्या पगाराशी ताडून पाहावा लागेल.

सोडतीत नाव न लागलेले गिरणी कामगार आणि त्यांचे वारस मात्र अजून अर्जांचे कागद सांभाळून आहेत. २०२५ च्या जुलैत ते आझाद मैदानावर जमले होते. मुंबईपासून दूर, शेलू-वांगणीला देऊ केलेली घरे त्यांना नको आहेत; शहरातच घर हवे आहे. त्यांतले कित्येक जण आपल्याच खेड्यांतून, आदल्या रात्रीच्या एस.टी.ने किंवा कोकण रेल्वेने आले असतील. गिरणीचे तिकीट, हजेरीपत्रक, विमा योजनेचे कार्ड, असा एखादा पुरावा आपल्या गावात कोणाच्या ट्रंकेत पडून असेल, तर शाळेतल्या मुलांना तो पाहायला मिळावा आणि त्यावरची तारीख, खाते आणि पगाराचा आकडा त्यांनी वहीत उतरवून घ्यावा.